गवत बघायला गेले, खड्डे बघून आले

वाशीम जिल्ह्यातून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" गवत, असं सांगितलं की लोक हसतात. निघताना माझी आईही फोनवर हसली होती. "गवात बघूक इतक्या लांब कित्याक जातंस? आपल्या परड्यात काय कमी आसा?" आई हसली तर चालतं. पण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, आमच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या भिंतीला पाठ लावून बसलेले दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक हसतात तेव्हा डोकं फिरतं. हे सगळं शांतपणे लिहावं असं ठरवून एकदा बसले होते. जमलं नाही. तेव्हा रागानेच लिहिते आहे.

मी परब, मूळची कुडाळची, नोकरीने पुण्याची. नोकरी म्हणजे एका संशोधन प्रकल्पात सहायक. प्रकल्प आहे तोवर मी आहे. आम्ही एम.एस्सी. झालो तेव्हा निरोप समारंभात पाहुण्यांनी सांगितलं होतं की वनस्पतीशास्त्र शिकलेल्याला जगात कुठेही तोटा नाही. आमच्यातला एक आता बँकेत कर्जाच्या फायली बघतो. एक तलाठी झाला. दोघी औषधांच्या कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासतात. एक मुलगी वनरक्षकाच्या भरतीसाठी तीन वर्षं पहाटे उठून पळत होती, मग लग्न झालं आणि पळणं थांबलं. आणि एक होता प्रशांत खिल्लारे.

गवतं ओळखणारा आमच्या वर्गात तो एकटा. बाकी आम्हा सगळ्यांना गवत म्हणजे परीक्षेत ऑप्शनला टाकायचा धडा होता, कारण त्याची फुलं भिंगाखाली धरल्याशिवाय दिसत नाहीत आणि दिसली तरी सगळी सारखीच वाटतात. प्रशांत नुसतं हातात धरून नाव सांगायचा. त्याचं गाव आसेगावच्या पुढे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमचे सर सगळ्या वर्गाला त्याच्या गावच्या गायरानात घेऊन गेले होते. तिथे चार दगड ठेवून त्यांनी एक चौकोन आखला आणि दिवसभर आम्हाला त्यात गुडघ्यांवर रांगायला लावलं. संध्याकाळी परतताना मी पहिल्यांदा गवताकडे गवत म्हणून न बघता बघितलं होतं.

आमच्या प्रकल्पाला आता जुन्या गवताळ जागांवरून बी गोळा करायचं होतं. मी हे गायरान सुचवलं आणि प्रशांतला फोन केला. तो कित्येक वर्षं एका कॉलेजात तासिकांवर शिकवत होता हे मला माहीत होतं. नुकतंच त्याला झाडं लावणाऱ्या एका संस्थेत काम मिळालं होतं. पद, 'फील्ड बॉटनिस्ट'. आमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी पदाच्या नावात बॉटनी हा शब्द पहिल्यांदाच आला होता. मी विभागात पेढे वाटले.

"ये न मंग," तो म्हणाला. पण म्हणण्याआधी थोडा थांबला. ते थांबणं मला तेव्हा कळलं नाही.

शिरपूर आणि रिठद

वाशीमला रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून उतरले तेव्हा प्रशांत मोटरसायकल घेऊन उभा होता. केस विरळ झालेले, पण हसणं तेच. बसस्टँडसमोर त्याने मला तर्री घातलेले पोहे खायला लावले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं येतं. इथे लाल तवंगाचा रस्सा ओततात आणि वर खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हॉटेलवाला समाधानाने आत गेला.

"चल, आधी गायरान," मी म्हणाले.

"आधी शिरपूर पाहू. इथंवर आली अन् शिरपूर नाही पाह्यलं, असं असते काय?"

शिरपूर एका टोकाला, आसेगाव दुसऱ्या. पण तो यजमान, गाडी त्याची. शिरपूरला जैन देवळाच्या रस्त्यावर गुजरातकडच्या यात्रेकरूंच्या गाड्या लागल्या होत्या. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे, त्यासाठी लोक लांबून येतात. अंगण धुतलेलं, दगड पायाला गार. माझ्या शेजारच्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही कशासाठी आलात? मी म्हटलं, गवत बघायला. त्या हसल्या नाहीत. "गायींसाठी?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग प्रशांत म्हणाला, रिठदला ताई राहते, तिने जेवायला बोलावलं आहे. रिठद आणखी तिसरीकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलेलं होतं. जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, बांधापर्यंत, बांधावरसुद्धा. आमच्याकडे भाताच्या मळ्या संपल्या की मध्ये काहीतरी मोकळं सोडलेलं असतं, एखादा कातळाचा सडा, एखादी राई. इथे नजरेला थांबायला जागा नव्हती. म्हणूनच त्या गायरानाची मला जास्त ओढ लागली होती.

ताईंनी ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. आंबाडीची भाजी मी पहिल्यांदाच खाल्ली. आंबट, वर लसणाची फोडणी; आमच्या सोलकढीच्या चवीला वऱ्हाडातलं कुणी उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं. "घे वं अजून, लाजून काय राह्यली?" ताई म्हणत होत्या, आणि मी घेत होते. चुलीपुढचं आग्रहाचं ते राज्य मला आवडलं. इतक्या लांबच्या घरातही माझ्या आईसारखीच एक बाई असते हे बघून बरं वाटलं.

परतताना टायर पंक्चर झालं. पंक्चरच्या दुकानासमोर बाकड्यावर बसून मी विचारलं, "प्रशांत, गवत फुललंय ना?"

"उद्या जाऊ," तो म्हणाला आणि पंक्चरवाल्याला उगाच ट्यूबबद्दल काहीतरी विचारायला लागला.

अंधार पडता पडता आम्ही त्याच्या घरी पोचलो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची मांडणी, त्यात आमच्या वर्गातली सगळी पुस्तकं ओळखीच्या कव्हरांत. त्याची बायको माया अंगणवाडीत काम करते. आई, गयाबाई, दारात बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लयच बारीक हाय वं तू. पुण्यात जेवाले देत नाही काय?"

गायरान

सकाळी मी त्याच्या आधी तयार होऊन बसले. आता टाळायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. गावाबाहेर पडलो, वळण घेतलं, आणि आधी आवाज आला. यंत्राचा.

नाल्याकडून एक पिवळं जेसीबी गायरानात शिरलेलं होतं. जमिनीचा अर्ध्याहून जास्त भाग उलटापालटा झाला होता. ओळीने खड्डे, खड्ड्याशेजारी मातीचे ढिगारे, आणि ढिगाऱ्यांत मुळं वर करून पडलेले गवताचे ठोंब. शेडा, पवन्या, मारवेल. तुऱ्यांवर आलेली, अजून बी न पिकलेली. एका बाजूला काळ्या पिशव्यांतली रोपं रचून ठेवलेली. गिरीपुष्प, गुलमोहर, करंज. पाऊस संपत आला असताना लावायची रोपं. सरांनी ठेवलेल्या चार दगडांची जागा मी शोधली. त्या जागी खड्डा होता, आणि खड्ड्यात रात्रीच्या पावसाचं पाणी.

रस्त्याला लागून एक मोठी पाटी होती. 'पडीक जमीन, हिरवे भविष्य.' खाली संस्थेचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात, 'तांत्रिक मार्गदर्शन: प्रशांत खिल्लारे, एम.एस्सी., सेट.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याच्याकडे वळले.

"काल मला देऊळ कशाला दाखवत होतास?"

तो गाडीला टेकून उभा होता.

"पडीक? प्रशांत, हे पडीक आहे?"

"सरकारी कागदात पडीकच हाय."

"कागदाचं राहू दे. तुझ्या डोळ्यांना काय दिसतं?"

"परब, हळू बोल, पोट्टे पाहून राह्यले." जेसीबीवाला आणि रोपं उतरवणारे मजूर खरंच बघत होते. मी आणखी मोठ्याने बोलले.

"ही झाडं एप्रिलपर्यंत जगणार नाहीत हे तुला माहीत आहे. उकरलेल्या मातीवर आधी गाजरगवत येतं हे तुला माहीत आहे. हे ठोंब किती जुने आहेत, उपटल्यावर परत कधी येणार आहेत, हे या जिल्ह्यात बहुतेक तुला एकट्याला माहीत आहे. आणि पाटीवर नाव कुणाचं? तुझं!"

पुण्यात असताना प्रशांत आमच्यासारखं बोलायचा. कुणी हसू नये म्हणून त्याने पहिल्या सहा महिन्यांत भाषा बदलली होती. आता त्याची मूळ भाषा एकदम वर आली.

"तुले काय वाटते, मले दिसत नाही? मले झोप येत नाही रात्री. पण तू सांग, मी काय करू? तासिकेवर शिकवलं, उन्हायाच्या सुट्टीत घरी बसलो. पर्मनंटच्या मुलाखतीले गेलो, तं जागा आधीच कोणाच्या तरी नावानं भरेल असे. पाच ठिकाणी गेलो, पाचही भरेल. सेट पास होऊन काय चाटू? या लोकायनं पहिल्यांदा मले विचारलं, तुमी बॉटनीचे काय? या म्हणे. आपल्या विषयाचं काम हाय म्हणे. मी गेलो. अन् पहिल्याच दिवशी मले हे गायरान दाखवलं."

"नाही म्हणायचं होतंस."

"मी नाही म्हणलो असतो तं दुसऱ्या कोणी खोदलं असतं. एखाद्या बी.कॉम.वाल्यानं."

"खोदू द्यायचं होतं त्याला! त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

जेसीबीचा दात एका ठोंबाखाली गेला आणि ठोंब मुळांसकट उचलला गेला. मुळांना लगडलेली माती तुटून पडताना ऐकू आली. ताज्या तिखाडी गवताचा वास हवेत पसरला होता. चुरगळल्यावरच तो इतका येतो. एरवी तो वास मला आवडतो.

रस्त्याच्या कडेला एक तुकडा अजून अस्पर्शित होता. मी पिशव्या घेऊन त्यात शिरले आणि दुपारपर्यंत बी मिळेल तेवढं गोळा करत राहिले. बहुतेक कच्चंच होतं. प्रशांत थोड्या वेळाने आला आणि दुसऱ्या टोकापासून गोळा करायला लागला. मी त्याला थँक यू म्हटलं नाही.

गयाबाई

दुपारी आम्ही घरी परतलो. मायाने कढी-भात केला होता. प्रशांत दोन घास खाऊन उठला. मी मात्र सगळं संपवलं, कारण ताटात टाकून उठायची मला सवय नाही. संध्याकाळी मी अंगणात वर्तमानपत्रांच्या घड्यांत नमुने दाबत बसले होते, तेव्हा गयाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"माह्या पोराले तुनं काय म्हणलं वं?"

मी सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. जेसीबीवाला गावातलाच होता, सगळं आधीच पोचलं असणार.

"असं," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली एक काडी काढून घेतली, बोटांत फिरवली आणि खाली टाकली. "या गायरानात म्या गवत कापलं. भारे डोक्यावर नेऊन इकले. मान पाहाय माही, इकडं वळत नाही अजून. त्या गवताचं तुले लय कौतुक हाय. माह्या पोराचं कोणाले हाय? येवढं शिकला तो. गावात येवढं कोणी शिकलं नव्हतं. लोकं मले इचारत, गयाबाई, पोरगं काय शिकून राह्यलं? म्या सांगो, झाडाचं शिकून राह्यलं. तं हासत. आता पाटीवर नाव आलं त्याचं. म्या रोज जाता-येता पाह्यतो ते नाव. अन् तू पुण्याहून येऊन त्याले चार लोकांत खाली पाह्यले लावते?"

मी म्हटलं, "आई, तो चुकतोय."

"चुकत असन. मंग त्याले चुकायची पाळी ज्यानं आणली त्याच्याकडं जाय न भांडाले. माह्या घरी काहून भांडते?"

त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने माया बाहेर आली, माझ्यासाठी चहा ठेवला आणि म्हणाली, "आईचं मनावर घेऊ नका ताई." मी मनावर घेतलं. त्यांचं खरं होतं आणि माझंही खोटं नव्हतं. आणि ज्याच्याकडे जाऊन भांडायचं, त्याला चेहरा नव्हता. भरलेल्या जागांना चेहरा नव्हता, तासिकांच्या पद्धतीला नव्हता, निरोप समारंभात तोटा नाही म्हणणाऱ्या पाहुण्यांचा मला आठवत नव्हता. समोर फक्त प्रशांत होता.

मंडप

दुसऱ्या दिवशी संस्थेचे कोऑर्डिनेटर साहेब आले. पांढरी गाडी, टोपी, हसतमुख माणूस. तालुक्याच्या कॉलेजातली मुलंमुली बसमधून आणली होती, त्यांच्या हातून रोपं लावायची होती. रस्त्याच्या कडेला छोटा मंडप, फ्लेक्स, माइक. पुण्याच्या विद्यापीठातून कुणी आलंय हे साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं.

"वा वा मॅडम, उत्तम योगायोग! ही सगळी बी.एस्सी.ची मुलं आहेत. दोन शब्द बोला. बॉटनीतल्या करिअर अपॉर्च्युनिटीज. जरा पॉझिटिव्ह बोला हं, मुलांना इन्स्पिरेशन मिळालं पाहिजे."

मला शाल दिली. मी ती खुर्चीवर ठेवली आणि माइक घेतला. प्रशांत मंडपाच्या खांबापाशी उभा होता. मला खरंच ठरवून काही बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की या विषयातून शिक्षक होता येतं, वन खात्यात जाता येतं, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत, औषधी वनस्पतींच्या कंपन्यांत, नर्सरीत, संशोधनात. हे सगळं खरंच आहे. माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं तसं मी ते म्हणून दाखवलं, आणि म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात.

"मॅडम, पण खरंच लागते काय जी नोकरी? घरचे म्हणतात बॉटनी सोड, डी.एड. कर."

तिने 'खरंच' या शब्दावर इतका जोर दिला की माझ्या आत कालपासून दाबून धरलेलं सुटलं.

"लागते," मी म्हणाले. "ती बघ, तिथे उभी आहे. आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी. गवतांचा त्याच्याइतका अभ्यास माझ्या पाहण्यात कुणाचा नाही. त्याला नोकरी लागली आहे. त्याच गवतात खड्डे खणून घ्यायची."

साहेब हसत होते ते तसेच हसत राहिले, फक्त डोळे बदलले. मुलं वळून प्रशांतकडे बघायला लागली. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता हा निघून जाईल. तो आला. सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला.

"मॅडम खरं बोलल्या," तो त्या मुलीला म्हणाला. "मी इथंच वाढलो. तुले सांगतो, बॉटनी सोडू नको. पण नोकरीसाठी शिकत असशीन तं आत्ताच इचार कर. नोकरी लागन बी, नाही बी लागन. लागली तं ती तुले काय कराले लावन, हे आधी कोणी सांगत नाही. मले कोणी नाही सांगतलं." मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, एक मिनिट या. तुमी बी या रे सगळे."

माइक ठेवून तो मंडपाबाहेर गेला. मजुराच्या हातातला टिकाव घेतला आणि रस्त्याकडच्या न खणलेल्या तुकड्यात जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे मागे. मुलांनी मोबाइल काढले होते. त्याने टिकाव मारला. दुसऱ्याच घावाला ठणका आला, दगडाचा. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ.

"साहेब, इथं झाड जगन काय?"

साहेब म्हणाले, "प्रशांत, हे आपण नंतर बघू ना."

"नंतर नाही. आता या पोट्ट्यायसमोर. पुढच्या वर्षी किती झाडं जगली ते मोजाले येतीन तवा मले बोलावतान. तवा मी काय सांगू? गवत इथं जगते कारण त्याले येवढीच माती पुरते. हा तुकडा तरी सोडा. नाही तं पाटीवरून माहं नाव काढा."

साहेबांनी मुलांकडे बघितलं, मोबाइलांकडे बघितलं. "बरं, बरं. टेक्निकल रिझन असेल तर हा पॅच सोडू. आपण सायंटिफिकच काम करतो." टाळ्या साहेबांनीच सुरू केल्या.

दोन वेण्यांची ती मुलगी खाली वाकून काहीतरी बघत होती. प्रशांतने तिला खिशातलं भिंग दिलं. "डोळ्याशी धर," तो म्हणाला, "अन् गवत भिंगाकडं आण. भिंग गवताकडं नको नेऊ." बाकीची मुलं बिस्किटांचे पुडे घेत होती. ती बराच वेळ तशीच बसून होती. तिला तिच्या मैत्रिणीने दोनदा हाक मारली.

मी मात्र प्रशांतशी त्या दिवशी काही बोलले नाही. अर्धं गायरान गेलेलंच होतं. एक तुकडा राखला म्हणून गळ्यात पडावं असं मला वाटलं नाही, आणि त्यालाही ते नको होतं. संध्याकाळी निघताना गयाबाईंनी माझ्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याची पुडी कोंबली. चेहरा तसाच कडक. "भांडखोर हाय तू," त्या म्हणाल्या. "येवढं भांडाले ताकत लागते. खात जाय."

फोन

इथवरचं लिहून मी थांबणार होते. मागच्या आठवड्यात प्रशांतचा फोन आला.

"परब, तो तुकडा गेला."

"कोणता?"

"रस्त्याकडचा. संस्थेच्या कामाच्या उद्घाटनाले मोठे पाहुणे येनार होते. गाड्या लावाले जागा पाहिजे म्हणून रोलर फिरवला त्याच्यावर."

मी ओरडले. विभागाच्या व्हरांड्यात उभी राहून ओरडले, विद्यार्थी बाहेर आले. "आणि तू काय करत होतास?"

"रोलरसमोर उभा राह्यलो."

"मग?"

"मंग काय. त्यानं बाजूनं नेला."

त्याच संध्याकाळी त्याने काम सोडलं होतं. पाटीवरचं नाव त्याने स्वतः रंगाने पुसलं. गयाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे. आता जुन्याच कॉलेजात पुन्हा तासिका मिळाल्या आहेत, सोमवारपासून.

"प्रशांत," मी म्हणाले, "रोलरने ठोंब मरत नाहीत. खणल्यावर मरतात."

"म्हाईत हाय मले." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जुना प्रशांत आला. "मुळं खालीच हायेत. पाऊस पडू दे. जूनमधी येजो तू, पाहू किती निघते ते. पोट्ट्यायले घेऊन जातो मी तिथं. ते वेण्यावाली हाय न, तिनं माहं भिंग अजून वापस नाही केलं."

"माझा प्रकल्प मार्चमध्ये संपतो, प्रशांत. जूनमध्ये मला कोण पाठवणार आहे?"

"मंग काय झालं?" तो एकदम चिडून म्हणाला. तिथे असताना माझ्यावर इतका चिडायचा हक्क त्याने एकदाही बजावला नव्हता. "तुह्या प्रकल्पाच्या भरवशावर उगवते काय ते?"

मी फोन ठेवला. व्हरांड्यातले विद्यार्थी अजून उभे होते, काय झालं म्हणून बघत. त्यातल्या एकीने भीत भीत विचारलं, "मॅडम, कुणी गेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही." आणि जूनमध्ये माझ्याबरोबर वाशीमला कोण कोण येणार, ते तिथल्या तिथे विचारलं.